पहिली, दुसरी आणि भैरवी

माझ्या साडूंइतका ठाम माणूस बडोद्यात समा ते वासणा या टापूत दुसरा झाला नाही, आणि चुकीच्या गोष्टीवर इतकी वर्षं ठाम राहिलेला तर अख्ख्या गुजरात राज्यात शोधून सापडायचा नाही. तसे ते स्वभावाने मवाळ. राजकारण, क्रिकेट, मुलीचं शिक्षण, गुडघेदुखीवरचं औषध, कशावरही मत बदलायला ते एका पायावर तयार असतात. "तुम्ही म्हणता तर तसं असेल" असं म्हणून मोकळे होतात. पण एका विलायती बँडच्या दोन अल्बमांपैकी श्रेष्ठ कोणता, हा विषय निघाला की हाच माणूस सोफ्याच्या काठावर सरकतो, चष्मा काढून खिशात ठेवतो आणि समोरच्याला म्हणतो, "बसा जरा शांतीने. वेळ आहे ने तुम्हाला?" वेळ नसला तरी उपयोग नसतो, कारण तोवर ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, पाहुण्याची दया येऊन दुसऱ्यांदा चहा टाकलेला असतो. बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याचे आणखी भक्त जिथे कुठे असतील तिथून उठून समाला येतील, आणि ताईंनी आधीच पुष्कळ सोसलं आहे. लांब केसांचे चार गोरे. एक ढोलवाला, दोन गिटारी आणि एक गळा काढणारा, एवढं वाचकांना पुरे. साडू त्यांना 'आपली मंडळी' म्हणतात, जसे काही चौघे दांडिया बाजारात लहानाचे मोठे झाले.

साडूंचे पणजोबा संस्थानच्या काळात दरबारच्या कलावंत खात्यात होते. हे वाक्य साडू अशा थाटात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पणजोबा गात असतील. पणजोबा गवयांची हजेरी लिहीत. कोण आलं, कोण घसा बसला म्हणून आलं नाही, कुणाचा तबलजी उशिरा उगवला, हे सगळं मोडीत नोंदवून संध्याकाळी पगडी सावरत घरी जात. "आमच्या घराण्यात गाणं आहे," असं साडू एकदा चारचौघांत म्हणाले, तेव्हा मी "गाणं नव्हे, गाण्याची हजेरी आहे" असं बोलून गेलो. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत होते. पण हजेरीचा गुण मात्र रक्तात उतरला आहे, हे मान्य करायला हवं. तिसऱ्या गाण्यात ढोलवाला किंचित उशिरा येतो, पाचव्यात गायकाने श्वास चोरलाय, डावीकडच्या गिटारवाल्याचं आज लक्ष नव्हतं, अशा तक्रारी ते इतक्या आपुलकीने करतात की त्या चौघांचा पगार यांनीच कापावा. इंग्रजी शब्द त्यांना समजत नाहीत आणि त्याची त्यांना फिकीरही नाही. "शब्द म्हणजे गायकाची खासगी बाब. आपण सुरात लक्ष घालावं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते स्वतः गातात तेव्हा शब्दांच्या जागी जे काही येतं ते इंग्रजीही नसतं, मराठीही नसतं आणि गुजराती तर नसतंच नसतं.

या सगळ्याचं मूळ दोन कॅसेटींत आहे. साडू आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कॉलेजात असताना रावपुऱ्यात एक काका कॅसेटी भरून द्यायचे. त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या तबकड्या असत. कोरी कॅसेट नेऊन द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. काका गुजराती, भजनांचे शौकीन, आणि विलायती संगीताबद्दल त्यांचं मत एकच, की कॅसेट पूर्ण भरली पाहिजे. गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या टेपचा तुकडा कोरा परत देणं त्यांच्या जिवावर यायचं. "खाली जग्या शुं काम राखवी?" असं म्हणून ते शेवटच्या इंचापर्यंत काही ना काही घालून द्यायचे. या भावांनी दोन अल्बम भरून घेतले आणि काकांनी त्यांवर आपल्या वळणदार अक्षरात 'इंग्लिश १' आणि 'इंग्लिश २' असं लिहून दिलं. तबकडीचं पाकीट दोघांनीही कधी पाहिलं नाही. घरात त्यांची नावं 'पहिली' आणि 'दुसरी' अशी पडली, आणि पुढे दादांनी वासण्याला घर केलं तेव्हा वडिलांच्या सगळ्या वस्तूंची वाटणी अर्ध्या तासात, एकही शब्द न वाढता झाली. थोरला म्हणून दादांकडे पहिली गेली, साडूंकडे दुसरी राहिली. त्या दिवसापासून पहिली श्रेष्ठ हे दादांचं मत आणि दुसरी श्रेष्ठ हे साडूंचं. मतं आधी होती की कॅसेटी मिळाल्यावर आली, हे विचारायची सोय नाही.

साडूंच्या आयुष्यातल्या बारीकसारीक गोष्टीसुद्धा या दोन खणांतच पडतात. ताईंना बघायला गेले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारलं नाही. पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. दोन्ही कॅसेटींतलं एकेक गाणं ऐकवून "कोणती बरी वाटली?" असा प्रश्न केला. ताई घाबरून म्हणाल्या, "दोन्हींत काही फरक आहे का?" साडूंना हे उत्तर खुल्या मनाचं वाटलं आणि लग्न ठरलं. ते मन त्यांना पुढे बत्तीस वर्षं वळवता आलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचा पहिला घास घेऊन ते डोळे मिटतात आणि "पहिलीसारखं आहे. चव आहे, पण घाई फार" असा शेरा मारतात, आचारी उगाच ओशाळतो. मे महिन्यात बडोद्याला उन्हाळा पेटला की दुसरी मलमलच्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवली जाते. ढोकळ्याचं पीठ बाहेर आंबून डब्याचं झाकण उडवतं, पण कॅसेटीला झळ लागत नाही. नंदेसरीच्या कंपनीच्या बसमध्ये तर खिडकीजवळची तिसरी सीट त्यांचीच. कानाला वॉकमन लावून ते रसायनांच्या वासातून असे जात, जशी काही पालखीच चालली आहे. शेजारी बसणाऱ्या एका पटेलांना त्यांनी एकदा कानात भोंगा घालून भैरवी ऐकवली. पटेल सज्जन माणूस, शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सरस छे, पण आमां गरबा क्यारे आवे?" यात गरबा कधी येतो असं विचारणाऱ्या त्या माणसाशी साडू पुढे कंपनीची दोन ऑडिटं होईपर्यंत बोलले नाहीत.

भैरवी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिच्यावरून झालं. दुसरीच्या अगदी शेवटी एक लांबलचक, संथ गाणं आहे. सुरुवातीला नुसती पेटीसारखी काहीतरी धून, मग गायक खालच्या स्वरात जणू पत्र वाचल्यासारखा गातो, मग ढोल, आणि शेवटी एकटी गिटार लांब लांब जात विरून जाते. साडूंनी त्याला भैरवी हे नाव दिलं. मैफलीची सांगता भैरवीने होते, तशी या अल्बमची झाली आहे. आणि ज्या कलावंताला सांगता करता येते तोच मोठा, असा त्यांचा सिद्धांत. "तुझी पहिली अर्ध्या ताटावरून उठते, दादा," असं ते म्हणत. त्यावर दादांचा सिद्धांतही तयार असे. पहिलीचं शेवटचं गाणं जोरात चालू असतानाच ढोलाच्या एका दणक्यासरशी तुटतं आणि पुढे काही नाही. दादा शाळेत गणित शिकवत. "उत्तर आलं की पेन खाली ठेवावा," ते म्हणत. "तुझे लोक उत्तर आल्यावरसुद्धा दोन पानं लिहीत बसतात." दर रविवारी सकाळी साडू समाहून वासण्याला जात. थोरल्याने धाकट्याकडे चालून जायचं नाही, हा त्या घराचा जुना रिवाज. फाफडा-जलेबी यायची, दोन्ही कॅसेटी क्रमाने वाजायच्या. पहिलीतला तो दणका झाला की दादा हात वर करायचे आणि पुढची शांतता सगळ्यांना ऐकायला लावायचे. मग दुसरी, मग भैरवी, आणि मग दीड तास भांडण. दादांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा साडू दवाखान्यात रोज जात आणि उशाशी बसून फक्त ढोलवाल्याचे दोष सांगत. दादा डोळे मिटूनच 'नाही' अशी मान हलवत. ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "मान हलतेय ने? मग बरे आहेत."

मला या भांडणात जागा नव्हती. मला दोन्ही अल्बम सारखेच गोंगाटाचे वाटत आणि मी तसं म्हणत असे. साडू त्यावर चिडतही नसत, हेच मला खुपायचं. "तुमचा कान तयार नाही, साडू. त्यात तुमचा काय दोष?" असं ते माझ्याच बायकोसमोर, माझ्याच घरात, माझीच जिलबी खात मायेने म्हणत. त्यांच्या मुलीने फोनवर हवी ती गाणी मिळतात म्हणून दाखवलं, तर "गाणी मिळतात, बेटा. अल्बम मिळत नाही" असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. अशा माणसाला एकदा तरी जमिनीवर आणावं, ही माझी वीसेक वर्षांची बाळगलेली इच्छा. देवाने ती ऐकली आणि मला जुन्या सामानाच्या बाजारात पाठवलं. नळाची तोटी शोधत होतो. एका गोणपाटावर त्याच बँडच्या दोन तबकड्या, मूळच्या, पाकिटांसकट दिसल्या. साडूंना भेट द्याव्यात असंच आधी मनात आलं, हे मी शपथेवर सांगतो. पण रिक्षात बसून पहिलीचं पाकीट उलटं करून गाण्यांची यादी वाचली, आणि यादीतलं शेवटचं नाव, वीस वर्षं कानावर पडत आलेल्या एका ओळीचे शब्द, वाचून नळाची तोटी घ्यायची राहिली हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी मी तबकड्या घेऊन वासण्याला गेलो. दादांकडे वडिलांचा नाट्यगीतांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो. मी काही न सांगता पहिली लावायला दिली. दोघेही मुलांसारखे हरखले. तबकडीवर आवाज कसा भरदार येतो, यावर तर त्यांचं एकमतही झालं, ही तीस वर्षांतली पहिली घटना. गाणी संपत आली. ढोलाचा तो दणका झाला. दादांनी नेहमीप्रमाणे हात वर केला आणि आम्ही सगळे शांतता ऐकू लागलो. ती पुरते दोन श्वासही टिकली नाही. सुई पुढे सरकली आणि पेटीची ती धून सुरू झाली. भैरवी. पहिलीत. दादांचा हात वरच राहिला होता. साडूंनी चष्मा काढला होता तो खिशात न जाता हातातच राहिला. मी मग पाकीट पुढे केलं आणि यादीवर बोट ठेवून सगळं फोडून सांगितलं: पहिला अल्बम लांब, तो कॅसेटीत मावला नाही, दुसरा आखूड, त्याची टेप उरली, काकांना कोरी जागा बघवली नाही, म्हणून त्यांनी इकडचं उरलेलं गाणं तिकडे घातलं. सांगताना माझ्या आवाजात जी गोडी आली होती ती जिलबीची नव्हती. "म्हणजे दादा, ज्याला तुम्ही संयम म्हणत होतात," मी म्हणालो, "ती टेप संपली होती."

गाणं शेवटपर्यंत वाजलं. गिटार नेहमीसारखीच विरत गेली. साडू म्हणाले, "दादा, भैरवी तुझ्याकडची निघाली. तू जिंकलास." दादांनी हात खाली घेतला, जिंकलेल्या माणसासारखा नव्हे, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग आता आपण बोलायचं कशावर?" साडू त्या दिवशी जिलबी न खाता निघाले, आणि माझ्या तबकड्या दादांकडेच राहिल्या.

पुढच्या रविवारी त्यांचा पाय दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी रिक्षा मिळाली नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी कारणही दिलं नाही. गॅलरीत बसून राहिले आणि दुसरी फ्रिजच्या दारात नव्हती तरी ताईंनी तिची जागा राखून पीठ बाहेरच ठेवलं. दादांचा फोन येईना. यांचा तिकडे जाईना. वर्षानुवर्षं दर आठवड्याला दीड तास बोलणाऱ्या दोन भावांकडे त्या एका विषयाखेरीज एक वाक्य नव्हतं. तब्येत कशी आहे, मुलगी काय म्हणते, पैशापाण्याचं बरं आहे ने, हे सगळं ते ढोलवाल्याच्या आडून विचारत आले होते, आणि मी नेमका तोच आडोसा काढून नेला होता. ताईंनी माझ्या बायकोला फोन करून एवढंच विचारलं, "तुझ्या नवऱ्याची हौस फिटली का?" बायकोने फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला खरं सांगायचं होतं, की त्यांना खोटं पाडायचं होतं?" उत्तर तिला ठाऊक होतं.

पाचव्या रविवारी मी माफी मागायला समाला गेलो. काय म्हणायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण साडूंनी दार उघडून "या, ऊन फार आहे" म्हटल्यावर जुळवलेलं सगळं विसरलो. आम्ही दोघे हवामानावर बोलत बसलो. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून, एका हातात तबकड्या आणि एका हातात फाफड्याचा पुडा घेऊन, दादा उतरले. थोरला भाऊ, धाकट्याच्या दारात. साडू इतक्या घाईने उठले की त्यांच्या चपला उलट्या पायांत गेल्या. दादा आत आले, पाणी न पिता सोफ्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "महिनाभर दुसरी ऐकली. भैरवीशिवाय ऐकली. तरी उभी राहते रे. मधली दोन गाणी मी कधी ऐकलीच नव्हती, तुझ्यावर चिडण्यात जायची. दुसरीच मोठी. तुझं उत्तर बरोबर होतं, फक्त रीत चुकली होती."

"काहीतरीच काय, दादा," साडू म्हणाले. "भैरवी जिची, ती मोठी. मी माझ्या तोंडाने बत्तीस वर्षं तेच सांगत आलो. आता भैरवी पहिलीत निघाली, तर पहिलीच मोठी."

"म्हणजे तू आता माझी बाजू घेणार?"

"तू माझी घेतलीस ने?"

"मी विचार करून घेतली!"

"आणि मी काय झोपेत घेतली?" साडूंचा आवाज चढला. त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. "दुसरीच्या ढोलवाल्याकडे बघ जरा. किती आळशी वाजवलंय!"

"आळशी? त्याला ठेहराव म्हणतात. तूच मला शिकवलास तो शब्द!"

ताईंनी आतून डोकावून पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. दोघांनाही मी तिथे बसलोय याचं भान नव्हतं. मी माझ्या माफीसकट हळूच उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा दादा म्हणत होते, "आणि तू वाळलायस केवढा! तरी म्हणे पहिली मोठी."

माझाही एक धाकटा भाऊ आहे, पुण्याला. आमच्यात आजवर कधी भांडण झालेलं नाही. वडिलांच्या मागे सगळं नीट वाटलं, कुणाचं काही राहिलं नाही, दिवाळीला आम्ही एकमेकांना शुभेच्छा पाठवतो आणि आमच्या समजूतदारपणाचं नातेवाइकांत कौतुक होतं. त्या संध्याकाळी मी त्याला फोन लावला.

तो घाबरला. "काय रे दादा, काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक. तुझं?"

"ठीक."

आणि मग आम्ही दोघेही फोन कानाला लावून, पुढे काय बोलावं ते शोधत राहिलो.